कामगिरीच्या रकान्यात चुका

अकोल्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने आपल्या आपत्कालीन विभागाची परिचय-पुस्तिका काढायचे ठरवले आणि डॉक्टरांचे परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक डॉक्टरला अर्धे पान. शिक्षण, व्यावसायिक कामगिरी, आवडीचे विषय आणि फोटो. अमरावतीच्या एका वृत्तपत्रात नोकरीची बहुतेक वर्षे उपसंपादक म्हणून काढलेल्या माणसाला हे आठवड्याभराचे काम वाटले. निवडणुकीच्या काळात आम्ही उमेदवारांचे परिचय एका संध्याकाळी पानभर लावत असू. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसले तरी रकाने कधी रिकामे राहिले नव्हते. हे काम मात्र दीड महिना चालले, आणि शेवटी एक रकाना रिकामाच राहिला.

रुग्णालयाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने डॉक्टरांकडून माहिती मागवून ठेवली होती. हा गृहस्थ पूर्वी आमच्याच वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात होता, त्यामुळे त्याच्याकडे विशेषणांचा तुटवडा नव्हता. पहिल्याच भेटीत त्याने सगळे कागद माझ्यापुढे सरकवले.

"सर, तुम्हीच बघा. मी हात टेकले."

शिक्षणाचे रकाने व्यवस्थित भरलेले होते. आवडीच्या विषयांत तिघांनी 'झोप' लिहिले होते. एकाने 'मिळाल्यास झोप'. कामगिरीच्या रकान्यात मात्र सगळ्यांनी आपापल्या चुका लिहिल्या होत्या. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला रुग्ण सुधारला असे समजून एकाने त्याला लवकर वॉर्डात पाठवले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास मंदावला होता. दुसऱ्याने एका बाईच्या पोटदुखीला पित्त समजून तासभर घालवला होता. सगळे नीट, क्रमाने, कोणतीही सबब न देता लिहिलेले.

"हे यांनी गमतीत लिहिलं का?" मी विचारले.

"कसली गंमत? मी परत पाठवले कागद. म्हटलं, चांगलं काहीतरी लिहा. त्यांनी दुसऱ्या चुका लिहून पाठवल्या."

कारण नंतर कळले. दर बुधवारी दुपारी या विभागाची बैठक होते. आठवड्यात ज्याच्या हातून जे सुटले ते त्याने उभे राहून सांगायचे. काय दिसले, आपण काय समजलो, खरे काय निघाले. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. बोलणाऱ्याने समर्थन करायचे नाही आणि ऐकणाऱ्यांनी कौतुक करायचे नाही. वर्षानुवर्षे असे बोलण्याची सवय झालेल्या माणसांना 'तुमच्या कामातले सांगण्यासारखे काही सांगा' म्हटले की तोंडून बुधवारच निघतो. शिवाय त्यांच्याकडे दुसरे फारसे नसतेही. शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन येतो. यांचा रुग्ण तासा-दोन तासांत वरच्या मजल्यावर जातो आणि तो पुढे वाचला की नाही हे यांनाच वर फोन करून विचारावे लागते. खाली परत येतात ते फक्त ज्यांचे काही बिघडले ते.

हे समजून घेणे वेगळे आणि त्यावर अर्धे पान लिहिणे वेगळे. मी प्रत्येकाला भेटायचे ठरवले. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला जायचे, विभागातल्या एका बाकावर बसायचे आणि कोणी मोकळे होण्याची वाट पाहायची. कोणी मोकळे होत नसे. एका डॉक्टरने दर्यापूर रस्त्यावरच्या काळीपिवळी जीप चालवणाऱ्यांना स्टँडवर जाऊन हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचे प्रशिक्षण दिले होते. हे त्याने स्वतः सांगितले नाही, एका परिचारिकेकडून कळले. मला वाटले, निदान एक परिचय झाला.

"किती ड्रायव्हर शिकले?"

"बरेच."

"त्यांनी कोणाला वाचवलं?"

"दोघांना आणलं त्यांनी. छाती दाबत दाबत आणलं. दोघंही गेले."

"तरी पण ही कामगिरी..."

"मी बुधवारी मांडलं होतं हे," तो म्हणाला. "शिकवताना माझं काय राहिलं ते बघायला." मग त्याला आत बोलावले आणि त्या दिवशी तो पुन्हा दिसला नाही. त्याचा परिचय मी त्याच्या परवानगीशिवाय बरा लिहिला आणि त्याने तो न वाचता सही केली. असे चार परिचय झाले.

पाचवा परिचय एका डॉक्टर बाईंचा होता. त्या अंजनगाव सुर्जीच्या. वडिलांचे तिथे शिलाई मशीनच्या विक्री-दुरुस्तीचे दुकान होते, घरात मराठी आणि उर्दू दोन्ही. सासर अमरावतीला, नोकरी अकोल्याला. 'सहायक प्राध्यापक, करारावर' हे त्यांचे पद होते आणि करार दर वेळी संपून नवा होत असे. त्या महिन्याच्या अखेरीला विभागातल्या कायम जागेसाठी मुलाखती होत्या. पुढची जाहिरात निघेपर्यंत त्यांचे वय मर्यादेबाहेर जाणार होते. जागा मिळाली नाही तर नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात जाण्याचे त्यांनी कबूल केले होते. घर आणि मुलगी अमरावतीला ठेवून.

विभागप्रमुखांनी मला मुद्दाम बोलावून सांगितले. "निवड समितीच्या हातात ही पुस्तिका जाणार आहे. बाकीच्यांचं कसंही लिहा, त्यांचं नीट लिहा. दुसऱ्या उमेदवाराकडे कार्यशाळांची प्रमाणपत्रं आहेत ढीगभर. यांच्याकडे काय आहे ते काढा बाहेर."

बाईंनी कामगिरीच्या रकान्यात जे लिहिले होते तेच मला तोंडी सांगितले, पाळी बदलताना पुढच्या डॉक्टरला रुग्ण सोपवतात त्या पद्धतीने.

"पन्नाशीचे गृहस्थ, दर्यापूरचे, भांड्यांचं दुकान. डावा खांदा दुखतो म्हणून आले. भांड्यांची पोती उचलली होती. ईसीजी चांगला. मी गोळी दिली, घरी सोडलं. ड्युटी संपल्यावर ॲप्रन काढताना आठवलं की त्यांच्या शर्टाची पाठ ओली होती. थंडीचे दिवस, आणि पाठ ओली. ती मी पाहिली होती आणि सोडून दिली होती."

"मग?"

"फोन लावला. लागला नाही. त्यांनी दर्यापूरच्या गाडीचं विचारलं होतं, म्हणून स्टँडवर गेले. गाडी फलाटाला लागलेली होती. उतरवलं, ऑटोत घालून आणलं. दुसऱ्या ईसीजीत अटॅक दिसला. वर पाठवलं, अँजिओप्लास्टी झाली. संपलं."

"पेशंट वाचला."

"वाचला. पण मी सोडलं होतं ना त्याला, काका."

जनसंपर्क अधिकारी हे ऐकून खुलला. दुसऱ्या दिवशी त्याचा मजकूर तयार होता. 'असामान्य प्रसंगावधान दाखवत त्यांनी धावत्या बसमधून रुग्णाला परत आणून त्याचे प्राण वाचवले.' आवडीच्या विषयांत बाईंनी 'शिलाई मशीनची दुरुस्ती' लिहिले होते, त्याचे त्याने 'वाचन व संगीत' केले होते. बाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला.

"गाडी उभी होती," त्या म्हणाल्या. "आणि तिच्यात बसवलं कोणी होतं त्यांना? ते कुठाय?"

"मॅडम, ते कसं छापायचं?"

"जसं झालं तसं. आणि मी संगीत ऐकत नाही."

"मशीन दुरुस्ती बरी नाही दिसत, मॅडम. डॉक्टर आहात तुम्ही."

"माझ्या अब्बांना सांगा एकदा येऊन, बरी नाही दिसत म्हणून."

मशीन परत घातले. 'धावत्या' काढले. उरलेल्या अर्ध्यावर सारे अडले. बाईंचे म्हणणे सरळ होते. पहिल्यांदा चुकीने सोडले हे वाक्य असेल तरच पुढचे छापायचे. विभागप्रमुखांचे म्हणणेही सरळ होते. रुग्णालयाच्या पुस्तिकेत 'चुकीने सोडले' छापले तर उद्या वकील ती घेऊन दारात उभा राहील. दोघांचेही म्हणणे बरोबर होते, आणि मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसलो होतो.

मी बाईंना जागेची आठवण करून दिली. अर्धे वाक्य गाळल्याने काही खोटे होत नाही, वृत्तपत्रात आम्ही रोज गाळतो, असेही म्हटले.

"तुमच्या पेपरचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ही पुस्तिका आमचे शिकणारे डॉक्टर वाचतील. त्यांना दिसेल की मॅडमनी बुधवारी एक सांगितलं आणि छापून दुसरंच आणलं. पुढच्या वेळी त्यांच्या हातून कोणी सुटला तर ते स्टँडवर जाणार नाहीत, गप बसतील."

मी चिडलो आणि कागद गोळा करून उठलो. 

मधल्या काळात एक वाट सापडल्यासारखे झाले. विभागात बसलेलो असताना एका रुग्णाचा भाऊ बाईंशी वाद घालत होता.

"मॅडम, एकदा काढली ना छातीची पट्टी? चांगली आली म्हन्ता. मंग आता कावून बसवून राहिले आमाले?"

"थोड्या वेळानं अजून एक काढू दादा, मंग जा."

"आमची गाडी जाते ना बाप्पा."

"गाडी रोजची हाये."

"तुमाले काय, तुमी इथंच ऱ्हायता."

बाई हसल्या, पण रुग्णाला उठू दिले नाही. चौकशी केल्यावर कळले की छाती, खांदा, जबडा, यांपैकी काहीही दुखत आले तर दुसरा ईसीजी काढल्याशिवाय इथून कोणाला सोडत नाहीत. भांडेवाल्याच्या प्रसंगानंतर बाईंनी बुधवारी हा नियम मांडला आणि तो लागू झाला. मला वाटले, सुटलो. चुकीचा उल्लेख नको, बसही नको. फक्त नियम लिहायचा.

बाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांनी मिळून केला. माझा एकटीचा कसा लिहू?"

प्रमुख म्हणाले, "विभागाचा नियम आहे, माझ्या सहीने निघाला. पुस्तिकेच्या सुरुवातीला माझं मनोगत आहे, त्यात घ्या."

नियम मनोगतात गेला. बाईंचे अर्धे पान पुन्हा मोकळे.

आता एकच मार्ग उरला होता. रुग्णाची स्वतःची हरकत नसेल तर वकिलाची भीती कमी होईल. प्रमुखांनी हे नाखुशीने मान्य केले. बाईंनी त्याला फोन करून विचारले, त्याने 'या' म्हटले, आणि मी दर्यापूरला गेलो. बाजारातल्या दुकानात तो गल्ल्यावर बसला होता. मागच्या दारात त्याची बायको तांदूळ निवडत होती.

"तुमी पेपरवाले काय?" त्याने विचारले.

"होतो."

"लिहा मंग. पन मी तिले बसमंदी काय बोललो ते नका लिहू."

"काय बोललात?"

"तेच त नाई सांगून राह्यलो."

"मी सांगते," मागून बायको म्हणाली. "डॉक्टरीण बाईनं हात धरला त हे वरडले, हे बाई मले कुठं घेऊन चालली म्हने. अख्खी गाडी उभी राह्यली पाहाले."

"तू चूप बस."

"तवा तुमी चूप बसले असते त बरं झालं असतं."

तो माझ्याकडे वळला. "साहेब, खिडकीची सीट होती. दर्यापूरच्या गाडीत खिडकी भेटते का कधी? अन् हे डॉक्टरीण म्हन्ते उतरा. मी कावून उतरू? हिनंच मले सांगितलं होतं, काई नाई, घरी जा."

"मग उतरलात कसे?"

"कंडक्टर म्हने, काका, उतरा. तुमी रस्त्यात गेले त पंचनाम्याले मले बसा लागन. त्याच्या तोंडाकडं पाहून उतरलो."

मी मूळ मुद्द्यावर आलो. पहिल्यांदा आपले चुकले हे बाईंनी त्याला सांगितले होते का?

"ऑटोमंदीच सांगितलं. म्हने काका, माझं चुकलं, तुमाले सोडाले नोतं पाह्यजे. मी म्हन्लं, चुकलं तुमचं अन् तकलीफ मले कावून? घरी जाऊ द्या ना."

"हे छापलं तर तुमची हरकत आहे?"

"छापा. चुकलं बी छापा अन् धावली बी छापा. माझं बोलनं तेवढं सोडून द्या."

बरा झाल्यावर या कुटुंबाने शाल-श्रीफळ देऊन एका डॉक्टरचा सत्कार केला होता, हे मला रुग्णालयात कळले होते. तो वरच्या मजल्यावरच्या हृदयरोगतज्ज्ञाचा. मी विचारले, खालच्या बाईंचा का नाही?

"ऑपरेशन त्यानं केलं ना," तो म्हणाला. "हिनं त फक्त बसमधून उतरवलं."

बायकोने तांदळाचे ताट खाली ठेवून त्याच्याकडे पाहिले. हरकत नसल्याच्या दोन ओळी मी त्याच्याकडून लिहून घेतल्या.

प्रमुखांनी त्या दोन ओळी वाचल्या. मग विचारले, "यांना मुलं आहेत का?"

"एक मुलगा. पुण्याला असतो."

"मग मुलाची हरकत असू शकते."

"मुलाचा काय संबंध?"

"उद्या यांना काही झालं तर संबंध येतोच." त्यांनी कागद परत केला. "तुम्ही पुस्तिका छापून मोकळे व्हाल. मी इथे बसणार आहे."

मी बाईंना शेवटचे विचारले. छपाईला दुसऱ्या दिवशी जायचे होते. त्या एका आजोबांच्या हातात सुई लावत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "रकाना मोकळा सोडा."

"समिती बघेल."

"बघू दे."

"बाई, तुम्ही तुमच्या हाताने तुमची जागा घालवताय."

"काका, थोडं सरका, उजेड अडला."

पुस्तिका गुळगुळीत कागदावर, रंगीत निघाली. चार डॉक्टरांच्या कामगिरीच्या रकान्यात मजकूर होता. पाचव्या परिचयात शिक्षण, 'करारावर', शिलाई मशीनची दुरुस्ती, आणि 'व्यावसायिक कामगिरी' या शब्दांखाली पांढरी जागा. जनसंपर्क अधिकाऱ्याने तिथे फुलांची नक्षी टाकायची सूचना केली होती. ती मी नाकारली. या साऱ्या प्रकरणात माझे म्हणून काही चालले असेल तर तेवढेच.

मुलाखतीत काय झाले ते विभागप्रमुखांनी फोनवर सांगितले. ते स्वतः समितीत होते. त्यांचा आवाज चढलेला होता आणि आधी मला वाटले की अपेक्षेप्रमाणे वाईटच झाले.

"तुम्ही शिकवलं होतं का त्यांना हे?"

"काय?"

बाहेरून आलेले एक वयस्क प्राध्यापक समितीत होते. त्यांनी पुस्तिका उघडून बाईंना विचारले, शिलाई मशीनमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडतं? बाईंनी सांगितले. मग त्यांनी पांढऱ्या जागेवर बोट ठेवून विचारले, इथे काही नाही का? बाई म्हणाल्या, आहे, पण अर्धे छापायला मी नाही म्हटले आणि पूर्ण छापायला विभाग नाही म्हणाला. मग त्यांनी पूर्ण सांगितले. ओली पाठ, गोळी, बस, ऑटो, दुसरा ईसीजी. प्राध्यापकांनी विचारले, पुढे काय बदललं? बाईंनी नियम सांगितला आणि तो सगळ्यांनी मिळून केल्याचेही सांगितले. प्राध्यापकांनी प्रमुखांकडे पाहून विचारले, हे खरं आहे का?

"आणि मला हो म्हणावं लागलं," प्रमुख म्हणाले. "सगळ्यांसमोर. मी जे छापू दिलं नव्हतं त्याला."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या उमेदवाराला त्यांनी विचारलं की तुमचं काय चुकलं आजवर? तो म्हणाला, विशेष काही नाही." मग ते मुद्द्यावर आले. "बाईंचं नाव गेलंय वर. आदेश येईल आठ-दहा दिवसांत. नागपूरला नाही म्हणून कळवायला सांगा त्यांना, माझं नाव न घेता."

मी बाईंना फोन केला. त्या ड्युटीवर होत्या. मागे कोणीतरी ओरडत होते. त्यांनी बातमी ऐकली. मग म्हणाल्या, "आदेश हातात आल्यावर कळवते नागपूरला. ठेवू का?" आणि ठेवला.

आदेश आला. त्याच आठवड्यात जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन आला की पद बदलल्यामुळे पाचव्या परिचयावर नव्या मजकुराची पट्टी छापून चिकटवायची आहे आणि आता कामगिरीही घालून टाकू. मला वाटले, आता काय अडचण? जे भर समितीत बोलून झाले, ज्याला प्रमुखांनी स्वतः हो म्हटले, ते छापायला कोण अडवणार? मी सगळा प्रसंग सहा ओळींत लिहून पाठवला, 'चुकीने सोडले' सकट. संध्याकाळी मजकूर परत आला. पहिल्या दोन ओळींवर प्रमुखांची लाल रेघ होती. बोलणे वेगळे आणि छापणे वेगळे, असा निरोप होता. मी तो बाईंना कळवला. त्यांनी एका ओळीचे उत्तर पाठवले, 'मग फक्त पद चिकटवा.'

पट्टी बोटभर निघाली. तिच्यावर 'सहायक प्राध्यापक' एवढेच आहे. ती चिकटवल्यावर 'करारावर' हा शब्द झाकला जातो. खालचा रकाना पांढराच आहे.